हमिदाताईंचं अर्धं वाक्य

हमिदाताईंच्या हातात बाळ दिलं की आधी त्या त्याचे दागिने उतरवायच्या. पायांतले वाळे, हातांतल्या बिंदल्या, कमरेची चांदीची साखळी, एकेक काढून आजीच्या ओच्यात ठेवायच्या. मग कुंची, झबलं, लंगोट. "साहेब, कपडे उतरवा. भरतीला आलाय तुमी," असं बाळाला अगदी गंभीरपणे सांगायच्या. गावात घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे भरतीला उघडं उभं राहून वजन द्यावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक. आज्या दरवेळी तितक्याच हसायच्या. साहेब मात्र हसायचे नाहीत. ते मुठी आवळून अशी किंकाळी फोडायचे की शेजारची म्हैस मान वळवून बघायची.

उंब्रजला हायवे सोडून आत सहा किलोमीटर गेलं की माझी सासुरवाडी. हमिदाताई तिथल्या अंगणवाडीच्या सेविका. पंचवीसेक वर्षं तेच काम. आज त्या गावात जी पोरं ट्रॅक्टर चालवतात, सीमेवर आहेत किंवा लग्नाला उभी आहेत, ती सगळी कधी ना कधी त्यांच्या काट्याला लोंबकळून रडलेली आहेत. त्यांचे यजमान शिंपी. काट्याला अडकवायची कापडी झोळी तेच शिवायचे, आणि ती इतकी पक्की शिवायचे की तीत मोठा माणूसही बसला असता. ताई उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या, डोक्यावरून पदर आणि डाव्या खांद्यावर कायम एक धुवट पंचा. पंचा कशाला, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं. म्हणाल्या, "आवं, निम्म्या गावानं ह्या खांद्यावर दूध सांडलंय. पदर किती येळा धुवायचा?"

बाळ 'ओकलं' असं त्या कधी म्हणायच्या नाहीत. 'सांडलं' म्हणायच्या. आणि त्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "सांडतंय ते सांडू दे, वाढतंय ते बघा." हे वाक्य त्या गावात सगळ्यांना पाठ होतं. बाळंतिणीला पाठ होतं, तिच्या सासूला पाठ होतं, एकदा तर उंब्रजच्या स्टँडवर एका रसवंतीवाल्यानं मला ते ऐकवलं होतं. त्या वाक्यावर गावातल्या आया निर्धास्त राहत. तेच वाक्य ताईंना एकदा परत घ्यावं लागलं, कारण त्याच्यामुळं एक पोर हातचं जायची वेळ आली. मला हमिदाताई आठवतात त्या मुख्यतः त्या दिवसांतल्या. पण आधी माझी फजिती सांगायला हवी, नाहीतर त्या बाईचा अधिकार कशातून आला ते कळायचं नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून माझी बायको स्वाती सातव्या महिन्यातच गावी गेली आणि मी सांगलीत विश्रामबागच्या फ्लॅटवर आईच्या हातचं खात राहिलो. कुपवाडच्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर. पंपाचे सुटे भाग मोजायचे, केसभर जास्त-कमी निघाला की बाजूला टाकायचा. स्वाती म्हणते की लग्नाआधी मी तिला बघायला आलो तेव्हाही असाच बघत होतो. अशा माणसाला मुलगी झाली. तिचं नाव ओवी.

मी दर रविवारी गाडी काढून जायचो. ओवी दूध प्यायची, तृप्त होऊन डोळे मिटायची, आणि मग ओठांच्या कोपऱ्यातून सगळं आरामात बाहेर यायचं. कधी आजीच्या मांडीवर, कधी माझ्या शर्टावर. दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांची संख्या रोज वाढत होती. मला वाटायचं, प्यायलं ते सगळंच बाहेर आलं. स्वातीला तर खात्रीच पटली होती. "माझं दूधच तिला सोसत नाही," म्हणून ती रडायची. माझ्या सासूबाई तिला गप्प करायच्या आणि स्वतः माजघरात जाऊन डोळे पुसायच्या.

त्या रविवारी हमिदाताई आल्या, तेव्हा ओवीनं नुकतंच दुपटं भिजवलं होतं. मी तो डाग पुढं केला. कारखान्यात बिघडलेला माल दाखवतात तसाच केला असणार. ताईंनी सासूबाईंकडून चहाचा चमचा आणि पाणी मागून घेतलं. दुसरं कोरडं दुपटं अंथरलं आणि त्यावर दोन चमचे पाणी ओतलं. पाणी पसरत गेलं, पसरत गेलं आणि चांगला बशीएवढा डाग झाला, ओवीच्या डागाहून मोठा.

"किती सांडलं म्हणायचं आता?" त्यांनी मला विचारलं.

"दोन चमचे," मी म्हणालो.

"मग तिचं दीड. पोटात बाकी हाय का न्हाई?"

मग त्यांनी चौकशी सुरू केली. दिवसात लंगोट किती ओले होतात? सात-आठ. पिऊन झाल्यावर खेळते का चिडचिड करते? खेळते. अंघोळ कधी? इथं सासूबाई जरा चाचरल्या. न्हाऊ घालायला येणारी बाई अकराला यायची, तोवर पोर भुकेनं रडायची, म्हणून आधी पाजून मग तिच्या हवाली करायचे. ती बाई पायांवर पालथी घालून, उताणी घालून, पोटावर तेल जिरवून, हातपाय दुमडून मर्दन करायची आणि वर दूध सांडलं की "पोट साफ होतंय" म्हणायची.

"पाव्हणं," ताई माझ्याकडं वळल्या, "तुमी जेवून उठला आन् कुणी तुमच्या पोटावर बसून तेल चोळलं तर?"

दुसऱ्या दिवसापासून आधी अंघोळ, मग दूध असा क्रम ठरला. पाजल्यावर अर्धा तास खांद्यावर उभं धरायचं, लगेच झोळीत टाकायचं नाही, गुटी उगाळायची नाही, सहा महिने पाण्याचा थेंबसुद्धा नाही. "भरलेली घागर आडवी केली तर सांडणारच. पोर बसाय लागलं की निम्मं थांबतंय, चालाय लागलं की तुमी इसरून जाताय," त्या म्हणाल्या. आणि उठता उठता ते वाक्य.

खरं तर इथं हे प्रकरण संपायला हवं होतं. पण मी क्वालिटीचा माणूस. 'वाढतंय ते बघा' म्हणाल्या ना, मग बघायचं. मी वरिष्ठांना विचारून कारखान्यातल्या स्टोअरमधला एक इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन गेलो, प्रमाणित केलेला, दहा किलोपर्यंतचा. लॅपटॉपवर तक्ता केला. पहिलं वजन बारशाच्या रविवारी घेतलं: चार किलो तीनशे दहा. पुढच्या रविवारी पुन्हा ठेवलं: चार किलो दोनशे साठ. पन्नास ग्रॅम कमी.

पुन्हा ठेवून बघितलं, तोच आकडा. काटा खोटं बोलत नाही, हे मी रोज लोकांना ऐकवणारा माणूस. सांगलीला फोन केला. माझ्या आईनं तासाभरात दुकानातून पावडरीच्या दुधाचा डबा आणून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तो घेऊन परत गावी गेलो. स्वातीला म्हणालो, "आजपासून हे. तुझं बंद कर." ती ओवीला पदराआड धरून तशीच बसली आणि भिंतीकडं बघत राहिली. तिच्या त्या बसण्याचं मला नंतर फार वाईट वाटलं. त्या वेळी नाही वाटलं, त्या वेळी माझ्याकडं आकडा होता.

सासूबाईंनी निरोप धाडला असणार. हमिदाताई आल्या, डबा बघितला, तो उचलून खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, "दावा की तुमचा तक्ता."

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी दोन्ही ओळींवर बोट ठेवून आकडे वाचले. मग विचारलं, "पयल्या रविवारी पोरीच्या अंगावर काय काय हुतं?"

मला आठवेना. सासूबाईंना आठवलं. बारसं होतं ते. माझ्या आईनं सांगलीहून आणलेले वाळे, बिंदल्या, साखळी, सगळं घातलं होतं, शिवाय जरीची कुंची आणि अस्तराचं झबलं. मग दुधानं चांदी काळी पडायला लागली म्हणून सासूबाईंनी ती आठवड्यात काढून, घासून, डब्यात ठेवली होती. ताईंनी डबा मागवला. सगळी चांदी माझ्याच काट्यावर ठेवली. एकशे पंचेचाळीस ग्रॅम. कुंची आणि झबलं ठेवलं. पंच्याऐंशी.

"करा आता वजाबाकी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या रविवारी मी ओवीला उघडीच ठेवलं होतं. दोनशे तीस वजा केले की बारशाच्या दिवशीची ओवी चार किलो ऐंशी. आठ दिवसांत चार दोनशे साठ. मुलगी एकशे ऐंशी ग्रॅमनं वाढली होती. दिवसाला पंचवीसच्या आसपास, म्हणजे अगदी हवी तशी. पुस्तकात काढून ठेवावी अशी.

"चांदीचं वजन घेतलं तुमी, पाव्हणं. कंपनीत असंच मोजता व्हय?"

कारखान्यात कोणी पार्ट त्याच्या पकडीसकट मोजला असता तर मी त्याला आठवडाभर सोडलं नसतं. मी कान पकडले, खरोखर पकडले. ताई हसल्या नाहीत. त्या स्वातीजवळ गेल्या, वाकल्या आणि तिच्या कानात वजन सांगितलं.

ही त्यांची जुनी रीत. वजन वाढलं हे चारचौघांत मोठ्यानं म्हटलं की नजर लागते असं आज्यांना वाटतं, मग त्या पुढच्या महिन्यात बाळ काट्यावर आणतच नाहीत. ताईंनी त्यावर वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली नाहीत. त्या नुसता आकडा आईच्या कानात सांगू लागल्या. वजन वहीत आणि आईपाशी, तिसऱ्याला पत्ता नाही. नजरही लागत नाही आणि आज्यांची तक्रारही राहत नाही. पण त्या दिवशी आकडा तर आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता, म्हणून मी विचारलं, "आता कानात कशाला?"

"तुमास्नी नुसता ऐकाय आला. तिला कळाय पायजे."

स्वाती पुन्हा रडली, पण वेगळी. मग तिनं ओवीला जवळ घेतलं. तो डबा मी सांगलीला परत नेला आणि माझ्या आईनं ती पावडर पुढं महिनाभर चहात घालून संपवली. चहा बरा व्हायचा असं तिचं आजही म्हणणं आहे.

त्या दिवसापासून मला हमिदाताई फार आवडू लागल्या. मोजमापाच्या बाबतीत त्या माझ्यापेक्षा कडक होत्या. सकाळी काटा अडकवला की आधी त्यावर मिठाचा एक किलोचा न फोडलेला पुडा टांगून बघायच्या. काटा एकवर थांबला तरच पुढचं काम. तो पुडा वर्षानुवर्षं तोच होता, दगडासारखा घट्ट झालेला, आणि तो कोणी आमटीत घातला तर याद राखा अशी मदतनीस बाईंना तंबी होती.

ओवी सहा महिन्यांची झाली तेव्हा उष्टावणाला माझ्या आईनं चांदीच्या वाटीत वरणावरचं पाणी आणलं. पिवळंधमक, पातळ. "पचायला हलकं," आई म्हणाली. हमिदाताई जेवायला बोलावलेल्या होत्या. त्यांनी ती वाटी हातात घेतली, वास घेतला, वाटी सुंदर आहे म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा वाटीत मऊ भात, घट्ट वरण आणि तूप असं बोटांनी कुस्करलेलं होतं. चमच्यात थोडं घेतलं आणि आईसमोर चमचा तिरका केला. घास चमच्यातच राहिला.

"पडला न्हाई न्हवं? मग खरा." मग ओवीची मूठ हातात धरून म्हणाल्या, "आवं आक्का, पोट ह्या मुठीएवढं. त्यात पाणीच भरलं तर जेवण कुठं बसायचं? पुढच्या महिन्यात अंडं द्या, शेंगदाण्याचा बारीक कूट द्या, नाचणी द्या. मीठ-साखर वर्ष होस्तवर नको. पण पातळ काय देऊ नगा."

माझी आई कोणाचं ऐकणारी बाई नव्हे. पण पुढं आमच्या सोसायटीत कोणाच्याही घरी नातवंडाचं खाणं सुरू झालं की ही जाऊन चमचा तिरका करून दाखवू लागली, आणि तेही स्वतःचा शोध असल्यासारखा.

सगळं असं छान चाललेलं असताना एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात येत होती. ताईंचं काम वाढत होतं. वह्या होत्या त्या होत्याच, वर फोन आला होता. फोनमध्ये प्रत्येक पोराचं वजन, उंची, आहार वाटल्याचा फोटो, हजेरी. रेंज नसली की टेकाडावर जाऊन उभं राहायचं. पूर्वी त्या नव्या बाळाच्या घरी बसायच्या, बाळ प्यायल्यावर थांबायच्या, मगच बोलायच्या. आता गल्लीतून जाता जाता कोणी हाक मारली, "हमिदाबाई, दूध सांडतंय ओ," की त्या फोनमधून मान वर करून दारातूनच म्हणायच्या, "सांडतंय ते सांडू दे." पुढचं अर्धं वाक्य त्या वळणावर गेलेल्या असताना ऐकू यायचं किंवा नाही यायचं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

ओवी सव्वा वर्षाची असताना आम्ही गावच्या यात्रेला गेलो होतो. दुपारी हमिदाताई ओवीला बघायला आल्या. ओवी त्यांच्याभोवती दुडुदुडु फिरत होती आणि त्या चहा पीत होत्या. स्वाती तेवढ्यात तीन घरं पलीकडच्या रूपालीकडून आली. रूपालीचा नवरा फौजेत, पोस्टिंगवर. तिला मुलगा झालेला, पाच आठवड्यांचा, पहिलाच. माहेरी करायला कोणी नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. घरात ती आणि तिची सासू, जिला सगळं गाव नानी म्हणतं.

"अगं, काय ते पोर," स्वाती सांगत होती. "ओवीचं बरं म्हणायचं. ओवी माझ्या पदरावर सांडायची. त्याचं तर समोरच्या भिंतीपर्यंत उडालं."

ताईंनी कप खाली ठेवला. त्यात निम्मा चहा होता.

"भिंतीवर?"

"हो. आणि लगेच पुन्हा भूक लागल्यासारखं रडायला लागलं."

त्या उठल्या. मला म्हणाल्या, "पाव्हणं, ती माझी काट्याची पिशवी घ्या." मी पिशवी घेऊन त्यांच्या मागं गेलो. त्या इतक्या भरभर चालत होत्या की पंचा खांद्यावरून घसरला आणि त्यांनी तो उचलला नाही. मीच उचलला.

नानी सोप्यातच बसल्या होत्या. "ये हमिदा," त्या कौतुकानं म्हणाल्या, "आमचं साहेब लय सांडत्यात बघ. पर वीस दिसांमागं तूच दारातनं सांगिटलंस न्हवं का, सांडतंय ते सांडू दे. मी रूपालीला तेच सांगती, घाबरू नगं म्हणून."

सव्वा महिना व्हायच्या आत बाळ घराबाहेर न्यायचं नाही, काट्यावर घालायचं नाही, अशी त्या घराची पद्धत. त्यामुळं जन्मानंतर त्याचं वजन झालेलंच नव्हतं. ताईंनी पोराचे दागिने उतरवले, कपडे उतरवले. भरतीचा विनोद केला नाही. पोराच्या मांड्यांना म्हाताऱ्या माणसासारख्या सुरकुत्या होत्या. सकाळपासून लंगोट किती ओले झाले विचारलं तर रूपालीनं दोन बोटं वर केली. "पाज जरा," ताई म्हणाल्या आणि समोर बसल्या. पोर अधाशासारखं प्यायलं. थोड्या वेळानं त्याच्या पोटावरून डावीकडून उजवीकडं एक फुगवटा सरकत गेलेला मलासुद्धा दिसला. मग त्यानं मान ताठ केली आणि सगळं दूध हातभर लांब उडालं.

"हे सांडणं न्हाई," ताई हळू म्हणाल्या. "हे फेकणं हाय."

आढ्याच्या हुकाला काटा अडकवला. झोळीत पोर ठेवलं. टाचा उंचावून त्यांनी आकडा वाचला, जन्माच्या कार्डावरचा आकडा वाचला, आणि त्या दिवशी त्यांनी वजन कोणाच्या कानात सांगितलं नाही. सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "जलमाला तीन किलो शंभर. आज तीन किलो. पाच आठवडं झालं, नानी."

मी गाडी आणली. मागच्या सीटवर रूपाली, नानी आणि मध्ये ताई, पोराला खांद्यावर उभं धरून. आम्ही कऱ्हाडला मुलांच्या डॉक्टरांकडं निघालो. वाटेत नानी रडत रडत म्हणाल्या, "तूच म्हणली हुतीस की गं."

"व्हय," ताई म्हणाल्या. "म्हणले हुते."

त्यांना बरंच सांगता आलं असतं. मी ते वीस दिवसांपूर्वी म्हणाले, तेव्हा ते उडत नव्हतं. बदललं तेव्हा मला सांगायचं होतं. वाक्याचं दुसरं अर्धं तुम्ही ऐकलंच नाही. यातलं प्रत्येक खरं होतं, आणि मी गाडी चालवता चालवता मनात त्यांच्या वतीनं हे सगळं बोलून घेतलं. त्या नाही बोलल्या. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि तसा चेहरा मी त्यांचा आधी कधी बघितला नव्हता.

डॉक्टरांनी पोट चाचपलं, सोनोग्राफी केली. जठरातून पुढं जायच्या वाटेवरचा स्नायू जाड होऊन वाट बंद झाली होती, दूध पुढं जातच नव्हतं. पहिल्या मुलग्यांत, साधारण याच वयात होतं म्हणाले. अंगातलं पाणी आटलेलं, ते आधी सलाइननं भरून काढायचं, मग छोटं ऑपरेशन. नीट बरा होईल. "आणखी तीन-चार दिवस घरी राहिला असता तर मात्र अवघड होतं. कोणाच्या लक्षात आलं?" रूपालीनं ताईंकडं हात केला.

"उशिरा आलं," हमिदाताई म्हणाल्या.

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. आठवड्याच्या आत पोर घरी आलं, प्यायला लागलं आणि ते पोटात राहायला लागलं. सीमेवरून त्याच्या बापानं फोन करून ताईंचे आभार मानले. नानींनी ताईंच्या घरी शिरखुर्म्याच्या दिवसासाठी म्हणून सुका मेवा पाठवला. गावानं तर उलट त्यांचं कौतुकच केलं, भिंतीवरच्या दुधावरून ओळखलं म्हणून. कोणाचा राग नव्हता, कोणी बोल लावला नव्हता. म्हटलं तर विषय मिटला होता.

दोन रविवारांनी मी यात्रेपासून तिथंच राहिलेल्या स्वाती-ओवीला आणायला गेलो, तेव्हा भर उन्हात हमिदाताई एका घरातून निघून दुसऱ्या घरात शिरताना दिसल्या. गाडी थांबवली. सुट्टीच्या दिवशी कुठं, म्हणून विचारलं.

"सहा म्हयन्याच्या आतली नऊ पोरं हायती गावात. नऊ घरं." त्यांनी पदरानं घाम पुसला. "माझं वाक्य परत घ्याय निघाली."

"अहो, व्हॉट्सअ‍ॅपवर टाका की. आयांचा ग्रुप आहे ना तुमचा?"

"त्यातबी अर्धंच वाचत्यात."

मी त्यांना उन्हातून चालू नका म्हणालो, गाडीत बसवलं आणि उरलेल्या चार घरांना सोबत गेलो. प्रत्येक घरी त्या तेच बोलल्या. "मी सांडू दे म्हणले हुते. ते अर्धं हाय. उडून लांब पडाय लागलं, हिरवं-पिवळं आलं, लंगोट कोरडं राह्यलं, वजन वाढंना, तर माझी वाट बघू नगा, माझं वाक्य सांगू नगा, सरळ दवाखाना. आन् मी दारातनं काय बोलले तर ऐकू नगा. मला आत बोलवा." स्वतःच्या शब्दाविरुद्ध असं दारोदार सांगत फिरणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. ऐकणाऱ्यांना जरा नवल वाटत होतं. एका आजीनं तर "जाऊ दे गं हमिदा, एवढं काय त्यात" असंही म्हणून बघितलं. त्यांनी मान हलवली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

नववं घर दूध डेअरीच्या मागं होतं. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, बावीस दिवसांचं बाळ. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि भीत भीत विचारलं, "ताई, मग आमचं कसलं हाय? सांडायचं का फेकायचं?"

ताई दारात उभ्या होत्या. त्यांच्या पिशवीत फोन टुणटुणत होता. त्यांनी चपला काढल्या.

"पाव्हणं, तुमी व्हा पुढं," त्या मला म्हणाल्या. "मला येळ लागंल."

आत जाऊन त्या भिंतीला पाठ लावून खाली बसल्या. "पाज तू," मुलीला म्हणाल्या. "मी बसलीया."

गल्ली अरुंद, गाडी वळवायला मला डेअरीपर्यंत जावं लागलं. तिथं कोणाशी तरी बोलत थांबलो, पाच-दहा मिनिटं गेली असतील. परत त्या दारावरून आलो तेव्हा पाजून झालं होतं. मुलीनं बाळ खांद्यावर उभं धरलं होतं आणि हमिदाताई जागा बदलून तिच्या पाठीमागं येऊन बसल्या होत्या, बाळाचं तोंड दिसेल अशा. मी हात केला. त्यांचं लक्ष नव्हतं.